हसायचं कुणाला? जर्मन विनोदी चित्रपटांतली अपंग पात्रं

आज एका ताटापासून सुरुवात करू या.

समोर जेवणाचं ताट वाढलेलं आहे आणि जेवणाऱ्याला दिसत नाही. कुठे काय वाढलंय हे त्याला सांगायचं कसं? त्यासाठी एक सोपी रीत आहे. ताट म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची. बटाटे बारावर, माशाचा तुकडा तीनवर, वाटाणे साडेपाचवर. बस, काम झालं. लार्स ब्यूशेल या दिग्दर्शकाच्या २००४ सालच्या जर्मन चित्रपटाचं नाव नेमकं हेच आहे : 'एर्ब्झेन आउफ हाल्ब झेक्स', म्हणजे 'साडेपाचवर वाटाणे'. शब्दशः पाहिलं तर जर्मनमध्ये ते 'अर्धे सहा' असं आहे. साडेपाचला जर्मन माणूस 'सहाच्या दिशेनं अर्धं' म्हणतो, आणि जर्मन शिकायला बसलेला प्रत्येक मराठी विद्यार्थी इथे एकदा तरी गाडी चुकवतो. खरं तर आपल्याला हे परकं वाटायला नको. आपलं 'अडीच' हे संस्कृत 'अर्धतृतीय' या शब्दावरून आलंय, म्हणजे तिसरा अर्धा. पण असो, विषय चित्रपटाचा आहे.

या चित्रपटात याकोब नावाचा नाट्यदिग्दर्शक आहे. मोटार अपघातात त्याची दृष्टी जाते. त्याला आधार द्यायला लिली येते आणि ती जन्मतःच आंधळी आहे. याकोबची आई रशियात मरणपंथाला लागली आहे, आणि तिच्याकडे जायला ही दोघं निघतात. गोष्ट दुःखाची आहे, तरी चित्रपटाची जात विनोदाकडे झुकणारी आहे. आता शीर्षकाकडे पुन्हा बघा. यात गंमत कशाची आहे? आंधळेपणाची नाही. डोळस प्रेक्षकाला ठाऊक नसलेली एक गोष्ट आंधळ्यांना ठाऊक आहे, त्याची ही गंमत आहे. थिएटरात बसलेला डोळस माणूस क्षणभर अडाणी ठरतो आणि स्वतःवरच हसतो.

आजच्या व्याख्यानात आम्ही हेच पाहणार आहोत. जर्मन विनोदी चित्रपटात अपंग पात्र पडद्यावर आलं की हसू कुणाच्या अंगावर पडतं, आणि ते तिकडे ढकलतं कोण.

आधी एका शब्दाचा खुलासा करतो. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' लिहितात. आम्ही 'अपंग' म्हणणार आहोत, कारण दिव्यत्वाचं ओझं कुणाच्या डोक्यावर न मागता ठेवायला आम्हाला आवडत नाही. जर्मनमधला शब्द आहे 'बेहिंडर्ट', म्हणजे अडवलेला. तिथले अपंग कार्यकर्ते याच शब्दावर बोट ठेवून सांगतात की आम्ही मुळात अडलेले नाही, जिने आणि दरवाजे आम्हाला अडवतात. उलट शाळकरी पोरं हाच शब्द शिवीसारखा वापरतात. मोबाइल बंद पडला की तो 'बेहिंडर्ट', मास्तर आवडले नाहीत की तेही 'बेहिंडर्ट'. एकाच शब्दात हक्काची मागणी आहे आणि टवाळीही आहे. विनोदी चित्रपट लिहिणाऱ्याला याच दोन टोकांच्या मधून चालावं लागतं.

आणि चालावं लागतं ते जर्मनीत. हे विसरून चालणार नाही.

जुलै १९३३मध्ये, नाझी सत्तेवर येऊन सहा महिने व्हायच्या आत, आनुवंशिक आजार असलेल्यांची सक्तीनं नसबंदी करण्याचा कायदा झाला. पुढच्या बारा वर्षांत सुमारे ४ लाख लोकांवर ही शस्त्रक्रिया झाली. शाळेतल्या गणिताच्या पुस्तकांत मनोरुग्ण आणि अपंग यांच्यावर किती खर्च होतो ते काढायची उदाहरणं होती. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत ७० हजारांहून जास्त रुग्ण आणि अपंग माणसं विषारी वायूच्या कोठड्यांत मारली गेली. त्या मोहिमेला आज 'टी फोर' म्हणतात, कारण तिचं कार्यालय बर्लिनच्या टिअरगार्टनस्ट्रासे या रस्त्यावर चार क्रमांकाच्या घरात होतं. आज त्या परिसरात बर्लिन फिलहार्मोनीची इमारत आहे आणि शेजारी २०१४ सालापासून स्मारकही आहे.

यात सिनेमाचाही हात होता. १९४१ साली वोल्फगांग लीबेनआयनर यानं 'इश क्लागे आन' ('माझा आरोप आहे') हा चित्रपट काढला. त्यातल्या तरुण स्त्रीला मल्टिपल स्क्लेरोसिस होतो. ती नवऱ्याकडे मरण मागते, तो डॉक्टर आहे, तो ते देतो आणि त्याच्यावर खटला चालतो. चित्रपटात आरडाओरड नाही, गणवेश नाहीत, घोषणा नाहीत. देखणी माणसं आहेत, पियानो आहे, डोळ्यांत पाणी आहे. म्हणूनच तो जास्त विषारी आहे. आजही जर्मनीत तो सरसकट दाखवता येत नाही, जाणकारांच्या प्रास्ताविकासह आणि चर्चेसहच दाखवतात. लीबेनआयनर मात्र युद्धानंतर चित्रपट काढत राहिला. १९५६चा 'डी ट्राप-फामिली' हा लोकप्रिय कौटुंबिक चित्रपट त्याचाच. तीच गोष्ट पुढे 'द साउंड ऑफ म्युझिक'मुळे आपल्याकडेही घरोघरी पोचली.

आम्ही हे इतक्या विस्तारानं का सांगतोय? कारण या चित्रपटात अपंग बाईची थट्टा कुठेच नाही. तिची दया केली आहे, आणि त्या दयेच्या वाटेनं प्रेक्षकाला तिच्या मरणापर्यंत नेलं आहे. थट्टा वाईट आणि दया चांगली, असा सोपा हिशेब आपण मनात धरून बसतो. जर्मनीच्या इतिहासात तो जुळत नाही.

युद्धानंतरही बराच काळ दयाच चालू राहिली, फक्त तिचं रूप बदललं. 'कॉन्टरगान' नावाच्या झोपेच्या गोळ्या १९५७ ते १९६१ या काळात जर्मनीत विकल्या जात होत्या. ज्या गरोदर बायकांनी त्या घेतल्या त्यांच्यापैकी हजारोंची मुलं आखूड हातपाय घेऊन जन्मली. १९६४ साली झेडडीएफ या दूरचित्रवाणीनं निधी जमवणारी एक सोडत सुरू केली, तिचं नाव 'आक्त्सिओन झोर्गनकिंड'. 'झोर्गनकिंड' म्हणजे घोर लावणारं मूल. पैसे भरपूर जमले आणि कामंही झाली, पण छत्तीस वर्षं देशातला प्रत्येक अपंग माणूस पडद्यावर 'घोर लावणारं मूल' म्हणूनच दिसत राहिला, मग तो पन्नाशीचा का असेना. २००० साली नाव बदललं आणि ते 'आक्त्सिओन मेन्श' झालं. 'मेन्श' म्हणजे माणूस. मुलाचा माणूस व्हायला इतकी वर्षं लागली!

या दयेला पहिला मोठा धक्का दिला तो अपंगांनीच. १९७८च्या सुमारास ब्रेमेनमध्ये काही तरुणांनी स्वतःला 'क्र्युपेल' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. 'क्र्युपेल' म्हणजे लुळापांगळा, सरळसरळ शिवी. त्यांच्यातल्या फ्रान्झ क्रिस्टोफनं १९८१ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय अपंग वर्षातच, ड्युसेलडॉर्फच्या एका प्रदर्शनात राष्ट्राध्यक्ष कार्ल कार्स्टन्स यांच्यावर कुबडी चालवली. ही घटना ऐकून तुम्ही आत्ता हसलात ना? आम्हीही पहिल्यांदा वाचताना हसलो होतो. मूक चित्रपटातला प्रसंग वाटतो. पण यात पहिल्यांदाच मारणारा हात अपंग माणसाचा होता आणि मार खाणारा देशाचा प्रमुख. विनोदाची दिशा उलटली होती. सिनेमाला ती उलटायला आणखी वीस वर्षं लागली.

वेर्नर हेर्झोगचा १९७०चा चित्रपट आठवणारे इथे कुणीतरी असतील. त्यात सगळी पात्रं बुटक्या माणसांनी केली आहेत. तो आम्ही आज बाजूला ठेवतोय. ते एक भयाण कोडं आहे, त्यात हसू फुटतं पण घशात अडकतं. शिवाय त्यात अपंगत्व हा विषयच नाही. सगळं जगच त्या उंचीचं आहे.

आता २००६च्या 'वो इस्ट फ्रेड?' ('फ्रेड कुठंय?') या चित्रपटाकडे येऊ. दिग्दर्शक आन्नो झाउल, नायक टिल श्वायगर. फ्रेडला जिच्याशी लग्न करायचं आहे तिच्या मुलाला एका प्रसिद्ध बास्केटबॉलपटूचा चेंडू हवा आहे. तो खेळाडू सामन्यानंतर चेंडू टाकतो तो अपंग प्रेक्षकांच्या बाजूला. मग काय, फ्रेड चाकाच्या खुर्चीत बसतो. पुढे सोंग अंगाशी येतं, त्याच्यावर माहितीपट काढायला एक तरुणी येते, आणि तो तिच्याच प्रेमात पडतो. सोंगाचा हा फार्स आपल्याला अगदी घरचा आहे. बाईचा वेश घेतलेला पुरुष, बहिऱ्याचं सोंग घेतलेला भाडेकरू, मराठी रंगभूमीनं यावर पिढ्या काढल्या आहेत.

सोंगाच्या फार्समध्ये एक सोय असते. खुर्चीतला माणूस खरा अपंग नाही हे प्रेक्षकाला माहीत असतं, त्यामुळे तो खुर्चीवरून पडला तरी बिनधास्त हसता येतं. ही सोय आम्हाला खटकते. हसू येतं ते अपंगत्वावरच, फक्त त्याची पावती फाडायला खोटा माणूस उभा केलेला असतो. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. चित्रपटात खराखुरा खुर्चीतला माणूस आहे, रॉनी. ते काम क्रिस्टोफ मारिया हेर्बस्टनं केलंय. रॉनी चिडका आहे, खुनशी आहे, आणि फ्रेडला उघडं पाडायला टपलेला आहे. म्हणजे खोटा अपंग गोड आणि खरा अपंग कडू. वर 'सवलती मिळतात म्हणून लोक सोंग करतात' हा संशय थिएटरातून बाहेर पडताना प्रेक्षकाच्या खिशात राहतो. अपंगांच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीकडे लोक ज्या नजरेनं बघतात, ती नजर अशा विनोदातून तयार होते. रॉनीच्या बाजूनं एवढं मात्र म्हणू, की अपंग माणूस संत नसतो हे दाखवणं चुकीचं नाही. त्याला वाईट असण्याचाही हक्क आहे. पण मग त्याला वाईट असण्याचं कारणही द्यायला हवं होतं.

ते कारण चार वर्षांनी दुसऱ्या एका चित्रपटात सापडतं. 'रेन, वेन डू कान्स्ट' ('पळता येत असेल तर पळ'), २०१०, दिग्दर्शक डीट्रिश ब्र्युगेमान. ड्युसबुर्ग शहरात बेन्यामिन हा तरुण चाकाच्या खुर्चीत आहे, जिभेनं धारदार आहे. त्याच्याकडे ख्रिस्तियान नावाचा नवा मुलगा कामाला येतो, 'त्सिवी' म्हणून. हा शब्द समजावून सांगायला हवा. जर्मनीत तरुणांना सैन्यात सक्तीची भरती होती. सद्सद्विवेकानं शस्त्र नाकारणाऱ्याला त्याऐवजी रुग्णालयात, वृद्धाश्रमात किंवा अपंगांच्या घरी सेवा करावी लागे. ही पद्धत १९६१ ते २०११ अशी पन्नास वर्षं चालली. परिणाम असा, की लाखो जर्मन पुरुषांनी विशीच्या आतबाहेर कुणाला तरी आंघोळ घातली, भरवलं, शौचालयात नेलं. चित्रपटाच्या प्रेक्षकांत ही माणसं बसलेली असतात. त्यांना पडद्यावर खोटं लगेच कळतं.

बेन्यामिनचे शेरे क्रूर आहेत. समोरचा माणूस आपली कीव करतोय असा वास आला की तो चावतो. एकाच मुलीवर दोघांचा जीव जडतो आणि मग विनोद हळूहळू कोरडा पडत जातो, कारण पळू शकणारा कोण आणि न पळू शकणारा कोण हे तिघांनाही माहीत आहे. इथे विनोद हे बेन्यामिनचं चिलखत आहे. ते काढलं की आत काय आहे तेही चित्रपट दाखवतो. या सगळ्या यादीत आम्हाला सगळ्यात प्रामाणिक वाटतो तो हा. तो फार चालला नाही म्हणून आम्हाला त्याच्याबद्दल जरा जास्त माया आहे, हेही कबूल करतो.

त्याच वर्षी जो चालला तो 'विन्सेंट विल मेअर'. दिग्दर्शक राल्फ ह्युटनर, पटकथा आणि मुख्य भूमिका फ्लोरियान डाविड फिट्झची. शीर्षकात श्लेष आहे. 'मेअर' म्हणजे समुद्र, आणि तसाच उच्चार असलेला दुसरा शब्द म्हणजे 'जास्त'. विन्सेंटला समुद्र हवाय, आणि जास्तही हवंय. त्याला टूरेट सिंड्रोम आहे, म्हणजे अंगाला अचानक झटके येतात आणि तोंडातून नको ते शब्द बाहेर पडतात. आई वारते. वडील राजकारणी, मुलाची लाज वाटणारे. ते त्याला एका उपचार केंद्रात टाकतात. तिथून तो, अन्न टाळणारी मारी आणि जंतूंच्या भीतीनं पछाडलेला अलेक्झांडर, असे तिघं डॉक्टरीणबाईंची गाडी पळवून इटलीच्या समुद्राकडे निघतात. आईच्या अस्थी गोळ्यांच्या डब्यात भरलेल्या. हा डबा पाहून मराठी प्रेक्षकाला हसावं की नाही कळत नाही. आमचं मत, हसावं.

आता यातला विनोद नीट उलगडून पाहू. टूरेट असलेल्यांपैकी थोड्याच लोकांच्या तोंडून शिव्या येतात. बहुतेकांना डोळे मिचकावणं, खांदे उडवणं, घसा खाकरणं असले झटके असतात. पण सिनेमात टूरेट म्हटलं की शिव्याच, कारण त्या हमखास हशा आणतात. 'विन्सेंट'नंही तेच केलंय. हा दोष आहेच. फक्त पटकथाकारानं त्यावर एक उपाय केलाय : सुरुवातीचा हशा घेऊन झाला की कॅमेरा विन्सेंटकडून आजूबाजूच्यांकडे वळतो. त्यांची तोंडं कशी होतात, कोण मागे सरकतं, कोण न ऐकल्यासारखं करतं. मागून पाठलाग करणारे वडील आणि डॉक्टरीणबाई ही दुसरी जोडी हळूहळू पहिल्या तिघांपेक्षा जास्त हास्यास्पद होते. शहाण्यांच्या गाडीतच खरे झटके आहेत असं वाटायला लागतं. शिवाय शेवटी कुणी बरं होत नाही. जो आजार होता तो आहे, मारीची अवस्था तर बिकटच होते. आजार घालवून देणारा गोड शेवट केला नाही याबद्दल फिट्झला पूर्ण गुण. २०११च्या जर्मन चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट हाच ठरला आणि सर्वोत्कृष्ट अभिनेता फिट्झ.

इथे तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. फिट्झला टूरेट आहे का? नाही. 'साडेपाचवर वाटाणे'मधले दोन्ही नायक-नायिका डोळस. रॉनी चालतो. बेन्यामिनची भूमिका करणारा रॉबर्ट ग्विसडेकही चालतो. म्हणजे इतका वेळ आम्ही ज्या अपंग पात्रांबद्दल बोलत होतो, त्यांच्यातलं एकही अपंग नटानं केलेलं नाही.

नट म्हणजे दुसऱ्याचं सोंग, त्यात काय बिघडलं, असं म्हणता येईल. खुनी दाखवायला आपण खुनी माणूस आणत नाही. पण खुन्याला नटाची नोकरी नाकारली म्हणून कुणी उपाशी राहत नाही. अपंग नटाला कोणतीच दुसरी भूमिका मिळत नाही, ना वकिलाची, ना प्रियकराची, आणि जी एक मिळू शकली असती तीही नामवंत नट घेऊन जातो. कारणं ठरलेली. निर्मात्याला पोस्टरवर नाव हवं असतं. अपंग नटाला प्रशिक्षण नसतं, कारण नाट्यशाळा त्याला घेत नाहीत, कारण त्याला कामं मिळत नाहीत. हे चक्र असं फिरत राहतं. म्युनिकचे पेटर राट्के यांची हाडं जन्मापासून ठिसूळ होती. त्यांनी जॉर्ज ताबोरीसारख्या दिग्दर्शकाबरोबर मोठ्या रंगमंचावर काम केलं, माध्यमांतल्या अपंगांसाठी संस्था चालवली आणि हीच गोष्ट ते हयातभर सांगत राहिले. २०२० साली ते गेले. १९९६च्या 'येन्झाइट्स डेअर श्टिले' या गंभीर चित्रपटात कारोलिने लिंकनं बहिरे आईवडील दाखवायला खरोखरचे बहिरे नट घेतले, तेव्हा एक अमेरिकेतून आणला आणि एक फ्रान्समधून.

अपवाद आला ब्रेमेनमधूनच, जिथे 'क्र्युपेल' मंडळींची सुरुवात झाली होती. तिथे ब्लाउमायर नावाची कलाशाळा आहे, अपंग आणि धडधाकट एकत्र नाटक करतात. तिथल्या तीन नटांना घेऊन २००२ साली 'फेरुक्ट नाख पारीस' ('पॅरिसचं वेड') निघाला. तिघं वसतिगृहातून निसटतात आणि पॅरिस गाठतात. त्यांच्यामागे धावतो तो कामाला वैतागलेला कर्मचारी एनो. ही भूमिका डोमिनिक होर्विट्झची. या चित्रपटाचा वेग निराळा आहे. वाक्यं उशिरा येतात, नजर भलतीकडे जाते, विराम लांबतात. विनोद म्हणजे अचूक वेळ साधणं असं आपण शिकतो. इथे वेळेचं गणितच दुसरं आहे, आणि दहा मिनिटांनी प्रेक्षक त्यांच्या घड्याळावर येतो. धावपळ करणारा एनो मग वेड्यासारखा दिसायला लागतो.

दूरचित्रवाणीवरचं उदाहरण थोडक्यात. 'टाटोर्ट' ही गुन्हेकथांची मालिका जर्मनीत १९७० पासून रविवारी रात्री सव्वाआठला लागते. म्युन्स्टर शहरातली तिची शाखा २००२ पासून विनोदी अंगानं चालते. त्यात गर्विष्ठ प्राध्यापक ब्योर्ने यांची सहायक डॉ. हालर ही बुटकी आहे, आणि ती भूमिका करणारी क्रिस्टिने उर्स्प्रुखही बुटकीच आहे. ब्योर्ने तिला 'अल्बेरिश' म्हणतो. हे निबेलुंगांच्या जुन्या कथेतल्या बुटक्याचं नाव. उंचीवरचे टोमणे रोजचे. ती तितक्याच थंडपणे उलट टोला देते आणि शवविच्छेदनात अनेकदा त्याच्या पुढे असते. हसू बहुतेक वेळा त्याच्या अहंकारावर संपतं. तरीही, इतक्या वर्षांत ते टोपणनाव सुटलं नाही. आमच्यात यावर एकमत नाही. एकाला वाटतं, उत्तर देता येणं हेच मोठं. दुसऱ्याला वाटतं, रोज उत्तर द्यावं लागणं हीच शिक्षा.

आता २०१९चा 'डी गोल्डफिश'. दिग्दर्शक अलिरेझा गोलाफशान, जन्म तेहरानचा, घडला जर्मनीत. नायक ओलिव्हर पैशाच्या धंद्यातला, घाईत गाडी हाणताना अपघात होतो आणि कमरेखालचं अंग जातं. पुनर्वसन केंद्रात त्याला शोध असतो चांगल्या इंटरनेटचा. तो शोधत शोधत तो 'गोल्डफिश' नावाच्या अपंगांच्या गटात पोचतो. इकडे झुरिकच्या बँकेत त्याचा काळा पैसा अडकलेला. मग युक्ती सुचते : या मंडळींना घेऊन उंटांबरोबरच्या उपचार-सहलीला स्वित्झर्लंडला जायचं आणि येताना पैसा आणायचा. अपंगांची बस कोण तपासणार?

इथे दया ही चोरीची किल्ली झाली आहे. या मंडळींकडे बघून समोरच्याचं डोकं बंद पडतं, तो हसून मान कलती करतो आणि फाटक उघडतो. विनोद चालतो तो पूर्वग्रहाच्या जोरावर, आणि पूर्वग्रह अधिकाऱ्याचा, म्हणजे आपला. 'वो इस्ट फ्रेड?'मध्येही सवलतीचा गैरफायदा होता. फरक असा की तिथे फायदा घेणारा सोंगाड्या होता, इथे ज्यांच्यावर दया केली जाते तेही डावात सामील आहेत. एका ऑटिस्टिक पात्राला सगळे 'रेनमॅन' म्हणतात, हीदेखील एक टपली आहे. १९८८च्या त्या अमेरिकन चित्रपटापलीकडे लोकांना ऑटिझम माहीतच नसतो. पण टपली मारून चित्रपट स्वतःही तेच करतो. रेनमॅनचं काम आक्सेल श्टाइन या लोकप्रिय विनोदी नटानं केलंय, आंधळ्या माग्डाचं डोळस बिर्गिट मिनिशमायरनं. मात्र फ्रान्झीची भूमिका लुइझा व्योलिश करते. तिला स्वतःला डाउन सिंड्रोम आहे आणि ती म्युनिकच्या 'फ्राय ब्युने'मध्ये अभिनय शिकली आहे. तिच्या प्रसंगांत बाकीचे अभिनय करताना दिसतात, ती नाही. वास्तव दाखवलं म्हणून ती चांगली वाटते असं नाही, तिला विनोदाची जागा कळते म्हणून.

नीको फॉन ग्लासोव्हचा 'नोबडीज परफेक्ट' (२००८) हा खरं तर माहितीपट. तरी आम्ही तो या यादीत घुसडतो, कारण या सगळ्यांत मोकळेपणानं हसवणारा तोच. दिग्दर्शक स्वतः कॉन्टरगानग्रस्त, आखूड हातांचा. त्याला आपल्यासारख्या आणखी अकरा जणांना शोधून विवस्त्र छायाचित्रांचं कॅलेंडर काढायचंय. अडचण अशी की कपडे काढायला सगळ्यात जास्त लाजतो तो स्वतःच. ज्या शरीरांकडे देशानं पन्नास वर्षं चोरून पाहिलं, ती शरीरं कॅमेऱ्यासमोर उभी राहून कोणता महिना आपला यावर बोलतात. २००९चा सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा जर्मन पुरस्कार त्याला मिळाला.

आपल्याकडचा धागा एकच, पण पक्का. २०१८चा स्पॅनिश चित्रपट 'काम्पेओनेस' : शिक्षा म्हणून बौद्धिक अपंगांच्या बास्केटबॉल संघाला शिकवावं लागणारा प्रशिक्षक. २०२२ साली जर्मन दूरचित्रवाणीनं तो 'वाइल वीर चॅम्पियन्स सिंड' या नावानं केला, २०२३ साली अमेरिकेनं, आणि २०२५ साली हिंदीत तो 'सितारे जमीन पर' झाला. यात खेळाडू खऱ्या अर्थानं त्या त्या देशातले अपंग कलाकार आहेत, ही मोठीच गोष्ट. पण शहाणा होतो तो प्रत्येक देशात प्रशिक्षकच. खेळाडू सुरुवातीला जसे शहाणे असतात तसेच शेवटी. हसवायचं त्यांनी आणि बदलायचं त्यानं, अशी वाटणी आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो थिएटरातल्या खुर्चीचा आहे. मार्क रोटेमुंडचा २०१७चा 'माइन ब्लाइंड डेट मिट डेम लेबेन' हा सालिया कहवत्ते यांच्या आत्मचरित्रावर आहे. वडील श्रीलंकेचे, आई जर्मन. पंधराव्या वर्षी नेत्रपटलाच्या आजारानं बहुतेक दृष्टी गेली. ही गोष्ट लपवून ते मोठ्या हॉटेलात उमेदवारी करायला गेले आणि प्रत्यक्षात सुमारे १५ वर्षं लपवत राहिले. चित्रपटात विनोद येतो तो या लपवाछपवीतून. ग्लास, सुऱ्या, पायऱ्या, आणि साहेब कधीही येईल. आपल्याला सगळं दिसतंय, साहेबाला कळत नाहीये. पण हा विनोद दिसण्यावर उभा आहे. मग सालियासारखाच माणूस हा चित्रपट बघायला आला तर?

जर्मनीत सरकारी निधी घेणाऱ्या चित्रपटांना गेली दहाएक वर्षं दृष्टिहीनांसाठी वर्णनाचा ध्वनी आणि बहिऱ्यांसाठी उपशीर्षकं करावीच लागतात. फोनवर 'ग्रेटा' नावाचं अ‍ॅप असतं, कानात एक इअरफोन घातला की संवादांच्या मधल्या फटींत वर्णन ऐकू येतं. हे वर्णन लिहिणाऱ्या गटात एक दृष्टिहीन व्यक्ती घ्यायची अशी तिकडची जुनी पद्धत आहे, आणि विनोदी चित्रपटात तिचं काम सगळ्यात अवघड असतं. नायक काचेच्या दारावर आपटणार आहे. वर्णन अर्धा सेकंद आधी आलं तर गंमत फुटली. अर्धा सेकंद उशिरा आलं तर अख्खं थिएटर हसून मोकळं झालेलं असतं आणि एक माणूस एकटाच मागून हसतो, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणून ते लोक एकेका वाक्यावर वाद घालतात, शब्द कापतात, 'दार' आधी की 'आपटला' आधी हे ठरवतात.

एवढं सांगून आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. पहिला प्रश्न शेवटच्या रांगेतून आलाय बहुतेक, माइक तिकडे द्या.